खपली धरली का?

आमच्यात कुणी भेटलं की ‘बरं चाललंय का?’ असं विचारायची पद्धत नाही. ‘बाही वर कर बघू,’ म्हणतात. समोरचा बाही दुमडतो, नाहीतर पँट गुडघ्यापर्यंत ओढतो, नाहीतर मानेवरचे केस बाजूला घेतो. बघणारा तोंड जवळ नेतो, हात लावत नाही, आणि विचारतो, ‘खपली धरली का?’ एवढं झालं की बाकीचं आपोआप निघतं. आई दवाखान्यातून घरी आली का, ओव्हरटाइमचे पैसे मिळाले का, घरमालकानं भाडं वाढवलं का, पोरगं शाळेत रुळलं का.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी आम्ही कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या काठावर जमतो. सात-आठ जण असतो, कधी चारच. भेळ होते, चहा होतो, दिवे लागले की थोडं थांबून घरी जातो. प्रत्येकाच्या अंगावर टॅटू आहे, एवढ्याच धाग्यानं आम्ही बांधले गेलो. एरवी आमची एकमेकांशी ओळख व्हायचं काही कारण नव्हतं. शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवणारा एक पोरगा आहे. तालमीत वाढलेला आणि आता तिथंच पोरांना शिकवणारा पैलवान आहे. प्राथमिक शाळेतल्या बाई आहेत. दूध संस्थेत फॅट काढणारी एक मुलगी आहे. आणि ज्याच्या हातचं काम आमच्यातल्या बहुतेकांच्या अंगावर आहे, तो आर्टिस्ट आहे. माझं मेडिकलचं दुकान आहे. सगळे मला मेडिकलवाल्या ताई म्हणतात. बाईसुद्धा ताईच म्हणतात, आणि त्या माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या आहेत.

सुरुवात दुकानातच झाली. सहा वर्षं झाली त्याला. मे महिन्यातली दुपार होती. सीएनसीवाला पोरगा काउंटरपाशी आला आणि म्हणाला, ‘जखमेवरचं मलम द्या.’ मी म्हटलं, जखम दाखव आधी. त्यानं शर्टाची बाही वर केली. कोपराच्या खाली नवा टॅटू होता, त्यावर प्लॅस्टिकचा पातळ कागद घट्ट गुंडाळलेला, आणि आत घाम, जखमेतून झिरपणारी लस आणि शाई यांचा काळा चिखल झालेला. तीन दिवस त्यानं तो कागद काढलाच नव्हता. ‘काढला तर अक्षरं निघून जातील असं वाटलं,’ म्हणाला.

मी त्याला दुकानामागच्या मोरीत नेलं. आधी माझे हात कोपरापर्यंत धुतले. मग कोमट पाणी, बिनवासाचा साबण, आणि नुसती बोटं. घासायचं नाही, फडकं लावायचं नाही. काळं पाणी वाहून गेलं, पुन्हा आलं, पुन्हा गेलं. हळूहळू चिखलाखालून अक्षरं वर आली. ‘काळजि घे’. जि पहिली. मला वाटलं, कुणाच्या तरी निष्काळजीपणानं या पोराच्या अंगावर जन्मभराची चूक बसली. तो मान वळवून त्या अक्षरांकडे बघत होता, एकेक अक्षर शाबूत आहे ना हे तपासत होता. मी काही बोलले नाही. कातडी टिपून कोरडी केली, पातळ थर कसा लावायचा ते दाखवलं, आणि दोन दिवसांनी परत ये म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आर्टिस्टच दुकानात आला. राजारामपुरीत एका गल्लीत वरच्या मजल्यावर तो बसतो. पोरानं त्याला सगळं सांगितलं होतं. तो काउंटरवर वही उघडून उभा राहिला आणि म्हणाला, ‘ताई, मी तोंडी सांगतो ते घरी जाईस्तोवर लोक विसरतात. तुम्ही मला नीट लिहून द्या.’ मी लिहून दिलं. ते अजून त्याच्या भिंतीवर आहे. पहिले दोन-तीन दिवस लस येणार, घाबरू नका. चौथ्या-पाचव्या दिवसापासून कातडी सुटायला लागेल, ओढायची नाही. खाज सुटेल, खाजवायचं नाही, वरून थापटायचं. पोहायचं नाही, ऊन लागू द्यायचं नाही. दोन-तीन आठवड्यांत वरची कातडी बरी दिसते, पण आतलं काम पुढं काही महिने चालतं. आणि लालसरपणा पसरत गेला, ताप आला, पू झाला, तर मेडिकलमध्ये मलम मागायला न येता सरळ डॉक्टरांकडे जायचं.

आतलं काम. मला सगळ्यात जास्त ओढ याच गोष्टीची लागली. फार्मसीच्या अभ्यासात त्वचेचे थर पाठ केले होते, पण टॅटू टिकतो कसा याचा विचार कधी केला नव्हता. आपली वरची कातडी सारखी झडत असते. सुई त्या थराच्या खाली, एक ते दोन मिलिमीटरवर, आतल्या थरात शाई सोडते. शरीराला ती परकी वाटते, म्हणून मॅक्रोफेज नावाच्या पेशी धावत येतात आणि शाईचे कण गिळतात. पण ते कण त्यांना पचत नाहीत. मग त्या पेशी शाई पोटात घेऊन तिथंच बसून राहतात. पुष्कळ वर्षं असा समज होता की त्याच पेशी कायम तिथं असतात, म्हणून टॅटू कायमचा. 2018 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांच्या शेपटीवर टॅटू काढून पाहिलं, आणि निराळंच दिसलं. पेशी मरतात. मरताना शाई सोडतात. आणि शेजारी आलेली नवी पेशी तीच शाई उचलून घेते. चित्र जागच्या जागी दिसतं, पण ते धरून ठेवणारे हात बदललेले असतात.

हे मी रंकाळ्यावर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सीएनसीवाला पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘म्हणजे ताई, कोण ना कोण सारखं धरूनच असतंय की.’

त्याच्या त्या पहिल्या वेलांटीची गोष्ट मला नंतर बाईंनी सांगितली. आर्टिस्ट चौथीत बाईंच्या वर्गात होता. त्याचं चित्र चांगलं आणि शुद्धलेखन कच्चं, म्हणून धंदा सुरू केल्यापासून देवनागरीतलं प्रत्येक काम तो आधी बाईंकडे पाठवतो. त्यांनी बरोबर म्हटल्याशिवाय कातडीवर स्टेन्सिल, म्हणजे गिरवायचा कागदी छाप, उतरत नाही. ‘आशीर्वाद’ लिहिताना रफार हमखास शी वर जातो. राजमुद्रेतलं ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ लोक मोबाइलवरून आणतात आणि त्यात एखादा च गळलेला असतो. काही सॉफ्टवेअरांत जोडाक्षरं फुटतात, पाय मोडलेली अक्षरं सुटी पडतात, आणि ज्याला देवनागरी छापायची सवय नाही त्याला ते कळतही नाही. बाईंनी किती लोकांना असं वाचवलंय याचा हिशेब नाही. शाळेतून आल्यावर चहा व्हायच्या आधी त्या फोन उघडतात आणि लाल खुणा करून फोटो परत पाठवतात.

तर या पोराचंही चित्र गेलं. बाईंनी जि ला लाल गोल केला आणि बाजूला ‘जी, दीर्घ’ असं लिहिलं. आर्टिस्टनं फोन करून सांगितलं, बाई, हे त्याच्या वडिलांचं अक्षर आहे. वडील रात्रपाळीला जायचे. पोरगं शाळेतून यायच्या आत निघून गेलेले असायचे, म्हणून डब्याखाली चिठ्ठी ठेवायचे. डबा गरम करून खा, दार लावून घे, आणि शेवटी दरवेळी हे दोन शब्द. वडील गेल्यावर घर आवरताना एकच चिठ्ठी सापडली. चौकडीच्या वहीतला फाडलेला कागद. त्यावरून ट्रेस करून स्टेन्सिल केलंय.

बाई मला म्हणाल्या, ‘तीस वर्षं झाली ताई मला शिकवायला. मी चूक कधी सोडली नाही. त्या दिवशी मी तो लाल गोल पुसला आणि त्याला लिहिलं, असंच ठेव, एक रेघसुद्धा सरळ करू नकोस.’ मग आर्टिस्टनं पेन जिथं अडखळलं होतं तिथं सुईसुद्धा अडखळवली. ‘घे’ची मात्रा थोडी लांब गेलेली, तीही तशीच. आज त्या अक्षरांकडं बघितलं की घाईत उभ्याउभ्या लिहिणारा माणूस दिसतो.

आमच्या गप्पांत टॅटूचं कौतुक फार कमी असतं. नवा काढला की एक दिवस कौतुक होतं, त्यानंतर फक्त विचारपूस. आणि ती विचारपूस कुठं घेऊन जाईल सांगता येत नाही. पैलवानाचंच बघा. त्यानं उजव्या खांद्यामागं मारुती काढून घेतला. जत्रेतल्या कुस्त्यांचा हंगाम संपला की पावसाळ्यात काढायचा असं दोन वर्षं ठरवत होता. मी त्याला एकच अट घातली होती, महिनाभर हौद्यात उतरायचं नाही. तालमीतल्या लाल मातीत ताक असतं, लिंबू असतं, हळद असते, तेल असतं, आणि दहा जणांचा घाम असतो. ओल्या जखमेवर ती माती घासली तर काय होईल हे त्याला सांगायची गरज नव्हती. पण हौद्यात न उतरलेला एक दिवस त्याला लहानपणापासून माहीत नव्हता. तो रोज पहाटे जायचा, सदरा घालून कट्ट्यावर बसायचा आणि तिथून ओरडून शिकवायचा. आधी तो हातानं धरून शिकवायचा, मान दाबून, पाय लावून दाखवून. आता सगळं तोंडानं. आठव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की एक पोरगं डाव्या बाजूनं हाक मारली की वळतच नाही. इतके दिवस ते दुसऱ्यांकडं बघून डाव करत होतं. तपासणी केली तर त्या कानानं जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. आईबापाला माहीत नव्हतं, शाळेत मठ्ठ म्हणून मागच्या बाकावर बसवलं होतं. त्या महिन्याच्या रविवारी पैलवानानं खांदा दाखवला, खपली सगळी पडलेली, मारुतीची गदा स्वच्छ उठलेली, आणि बोलला मात्र त्या पोराच्या कानाबद्दल. आता त्याला मशीन बसवलंय. बाईंनी त्याच्या शाळेत जाऊन त्याला पुढच्या बाकावर बसवून घेतलं.

तालमीत सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं असतात. दंडावर ‘आई’ किंवा छातीवर महादेव काढायची त्यांना घाई असते. पैलवान त्यांना आधी माझ्याकडे पाठवतो. भरतीत कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू, एवढ्याच जागी टॅटू चालतो. परंपरेनं गोंदवून घेणाऱ्या आदिवासी उमेदवारांसाठी वेगळी सवलत आहे. दोन वर्षं पहाटे उठून धावलेल्या पोराला भरतीच्या वैद्यकीय तपासणीत दंडावरच्या दोन अक्षरांपायी घरी पाठवलं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आईचं नाव काढायला आयुष्य पडलंय, आधी वर्दी घाल, एवढंच मी सांगते.

आणि एका बाबतीत मी कडक आहे. जत्रेत खुर्ची टाकून बसलेल्या माणसाकडून, सकाळपासून तीच सुई पुसून पुसून वापरणाऱ्याकडून काढायचं नाही. कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही, हे सगळं त्या एका सुईतून येऊ शकतं. शंभर रुपयांत नाव निघतं खरं. सीलबंद सुई तुमच्यासमोर फोडली का, शाई वेगळ्या टोपणात ओतून घेतली का, हातमोजे नवे आहेत का, एवढं बघायला लाजू नका. चांगला आर्टिस्ट हे विचारल्यावर रागावत नाही.

हे सांगताना दरवेळी माझ्या डोळ्यांपुढं माझी आजी येते. तिचं गोंदण जत्रेतलंच. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी चैत्रातल्या यात्रेला ती जोतिबाच्या डोंगरावर गेली होती. गुलालानं माखलेल्या गर्दीच्या कडेला गोंदणारी बाई बसलेली. दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या तीन सुया, करवंटीत दिव्याची काजळी आणि कसल्याशा पाल्याचा रस, वरून लावायला हळद. आजीच्या नणंदेनं तिचा हात आपल्या मांडीवर दाबून धरला. गोंदणारी बाई गात होती म्हणे, दुखणं विसरावं म्हणून. कपाळावर ठिपका, हनुवटीवर तीन, मनगटावर तुळस, आणि कोपराच्या खाली आजोबांचं नाव. पुढं म्हातारपणी गुडघा धरला तेव्हा तिथंही तिनं ठिपके घालून घेतले, दुखणं ओढून घेतात म्हणून. आल्प्सच्या बर्फात 1991 मध्ये सापडलेल्या पाच हजार तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या अंगावर 61 खुणा आहेत, त्यातल्या बऱ्याच कंबर, गुडघा, घोटा अशा दुखऱ्या जागी आहेत, आणि त्या उपचार म्हणून केल्या असाव्यात असं काही अभ्यासकांना वाटतं. हे वाचलं तेव्हा मला आजीचा गुडघा आठवला.

आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही ही रीत तिनं शेवटपर्यंत पाळली. मग रेशनच्या रांगेत, मतदानाला, ग्रामपंचायतीत कुणी नवऱ्याचं नाव विचारलं की ती पदर सारून हात पुढं करायची. ‘हितं लिवलंय, वाचा.’ समोरचा वाचायचा आणि कागदावर लिहून घ्यायचा. चाळीस-पन्नास वर्षं तिचं काम असं चाललं. स्वतःला न वाचता येणारं नाव तिनं अख्ख्या गावाकडून वाचून घेतलं.

शेवटच्या आजारात मी तिला एका दवाखान्यात नेलं होतं. केसपेपरच्या खिडकीशी नाव विचारलं, आजीनं सवयीनं हात पुढं केला. आतला माणूस वाकून बघायला लागला. काजळीचा काळा रंग कातडीखालून तसाही निळसर-हिरवा दिसतो, आणि इतक्या वर्षांत अक्षरं फुगून एकमेकांत गेलेली. काना कुठला, अक्षराचा दांडा कुठला, कळेना. ‘आज्जी, काय दिसत न्हाई ह्यात. तोंडानं सांगा,’ तो म्हणाला. मागं रांग. आजीनं माझ्याकडं बघितलं. मला नाव माहीत होतं, मी तसंच सांगू शकले असते. पण तिनं हात माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, ‘तू वाच.’ मी तिच्या सुरकुतलेल्या हातावर बोट ठेवलं आणि जिथं फक्त हिरवा डाग उरला होता तिथं एकेक अक्षर करत आजोबांचं पूर्ण नाव वाचलं. माणसानं लिहून घेतलं. आजीनं पदर सारखा केला.

‘मेल्यावर संगट एवढंच येतं,’ असं ती म्हणायची. दागिने काढून घेतात, गोंदण काढता येत नाही. त्याच वर्षी ती गेली.

तिच्यानंतर मला टॅटू काढावासा वाटला, पण तिची तुळस मी घेतली नाही. ती तिची होती. मी प्राजक्ताची डहाळी काढली. माहेरच्या अंगणात झाड होतं, रस्ता रुंद झाला तेव्हा गेलं. मी स्टुडिओत एकटीच गेले होते. आर्टिस्ट कमी बोलतो. त्याच्या भिंतीवर फिलिपिन्समधल्या वांग-ओड नावाच्या आजीचा फोटो आहे. काट्याला काजळी लावून बांबूच्या काठीनं ठोकत ती गोंदते, आणि 106 व्या वर्षी, 2023 मध्ये, तिथल्या व्होग या फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठावर आली. त्याच्या यंत्राला कुणी गन म्हटलं की तो शांतपणे सांगतो, ‘मशीन म्हणा.’ न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ’रायली यांनी 1891 मध्ये विजेच्या मशीनचं पेटंट घेतलं, तेही एडिसनच्या विजेच्या पेनावरून. ‘मूळ पेनच आहे ताई ते,’ असं तो सांगतो, आणि मला ते पटतं.

मी विचारलं होतं, प्राजक्ताच्या पाकळ्यांना पांढरी शाई वापरणार का? तो नको म्हणाला. पांढरी शाई काही वर्षांत पिवळट पडते. पाकळ्यांच्या जागी तो काहीच भरणार नव्हता. बारीक कडा तेवढी, आत माझी कातडी. देठ मात्र केशरी. मशीन सुरू झालं आणि मनगटाजवळ सुई आली तेव्हा मला कळलं की औषधांच्या दुकानात बसून लोकांना दुखण्याबद्दल सांगणं वेगळं. डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात दार उघडून बाई आत आल्या, कुठल्यातरी स्टेन्सिलचा कागद घेऊन. तोवर आमची ओळख नव्हती. त्यांनी कागद ठेवला, स्टूल ओढलं, आणि काही न विचारता माझा दुसरा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. दीड तास बसल्या. मध्ये एकदा म्हणाल्या, ‘जोरात दाबा हो, मला काही होत नाही.’ माझ्या नखांच्या खुणा त्यांच्या तळहातावर संध्याकाळपर्यंत होत्या.

तेव्हापासून एक रीत पडली. आमच्यातल्या कुणाचं सेशन असलं की दुसरं कुणीतरी जाऊन बसतं. दूध संस्थेतली मुलगी तर लेसरला जाते. मनगटावरचं नाव तिला नको झालंय. लेसर शाईचे कण फोडतो, मग शरीर ते हळूहळू वाहून नेतं, म्हणून दोन बैठकांत काही आठवडे जावे लागतात, आणि बैठका बऱ्याच लागतात. काढताना दुखलं त्याहून पुसताना जास्त दुखतं, असं ती सांगते. कुणाचं नाव, का पुसतेस, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. फक्त ‘किती राहिलं?’ गेल्या महिन्यात तिनं हात पुढं केला तेव्हा एक काना आणि अर्धी वेलांटी उरली होती.

आणि वहीची गोष्ट सांगायला हवी. तीन वर्षांपूर्वी सीएनसीवाल्या पोराच्या आईचं मोठं ऑपरेशन ठरलं. रक्त लागणार होतं. आम्ही आठही जण रक्तपेढीत जाऊन उभे राहिलो. फॉर्मवर प्रश्न होता, गेल्या वर्षभरात टॅटू काढला आहे का? पाच जणांना परत पाठवलं. नियम योग्य आहे, सुईतून काही आलं असेल तर ते तपासणीत दिसायला वेळ लागतो, म्हणून वर्षभर थांबवतात. पण आईसाठी आलेला पोरगा बाकावर बसला होता आणि त्याच्यासमोर त्याची पाच माणसं एकेक करून मागं येत होती. त्याचा चेहरा मी विसरलेले नाही. बाहेरचे दाते मिळाले, आई बरी झाली. पुढच्या रविवारी बाई शाळेतली दुरेघी वही घेऊन आल्या. आखून आणली होती. नाव, रक्तगट, शेवटचा टॅटू कधी, शेवटचं रक्तदान कधी. ठरलं असं की सगळ्यांनी एका वर्षात काढायचा नाही. पाळीपाळीनं. पाच जण तरी कायम रक्त देण्याजोगे राहिले पाहिजेत. नवा टॅटू ठरवण्याआधी वही बघायची. टच-अपसुद्धा, म्हणजे जुन्या टॅटूवर पुन्हा रंग भरणंही, धरायचा, सुई ती सुई.

वही माझ्या काउंटरच्या खणात असते. या तीन वर्षांत ती सात वेळा उघडली. त्यातल्या दोन वेळा ज्यांच्यासाठी उघडली त्यांना आम्ही ओळखतही नव्हतो.

परवाच्या रविवारी आर्टिस्टनं माझी बाही वर केली. केशरी रंग उन्हानं लवकर विटतो, आणि मी दुचाकीवर बिनहातमोज्याची फिरते. देठ फिके पडलेत, कडाही दोन ठिकाणी तुटल्यात. पाकळ्या मात्र माझ्याबरोबर रापल्या आहेत, हातासारख्याच सावळ्या झाल्या आहेत, ते मला आवडतं. ‘गुरुवारी या,’ तो म्हणाला, ‘अर्ध्या तासाचं काम आहे.’ मी हो म्हटलं.

बाई भेळेच्या पुड्या वाटत होत्या. वाटतावाटता सांगितल्यासारखं म्हणाल्या, पुढच्या महिन्यात गर्भपिशवी काढायची ठरलीय. गाठी वाढल्यात, हिमोग्लोबिन कमी आहे, डॉक्टर दोन बाटल्या तयार ठेवा म्हणालेत. मग पैलवानाला विचारलं, ‘तुझ्या त्या पोराचं दुसऱ्या चाचणीचं काय झालं?’ तो सांगायला लागला.

बाईंचा रक्तगट ओ निगेटिव्ह. त्यांना दुसरा कुठला चालत नाही. वहीत ओ निगेटिव्ह दोनच नावं आहेत, एक त्यांचं आणि दुसरं माझं.

मी आर्टिस्टला म्हटलं, ‘गुरुवारचं राहू दे.’ त्यानं क्षणभर बघितलं आणि मान हलवली. बाईंनी ऐकलं होतं. त्या उठून माझ्याजवळ आल्या, माझा हात दिव्याच्या उजेडात ओढून घेतला, चष्मा कपाळावर सारून अगदी जवळून बघितलं. अंगठ्यानं एकेक देठ चाचपला.

‘अजून दिसतात गं,’ म्हणाल्या.